सर, पुढच्या सेमिस्टरला तुम्हीच आहात ना?

मुलगा किंवा मुलगी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत असेल, तर घरात हा संवाद कधी ना कधी होतोच. "तुमचे ते डेटाबेस शिकवणारे सर चांगले आहेत म्हणत होतास ना?" "ते गेले. आता नवीन मॅडम आल्यात." "आणि मागच्या वर्षीच्या मॅडम?" "त्याही गेल्या." मग आईवडिलांना प्रश्न पडतो, एवढी फी घेणाऱ्या कॉलेजात शिकवणारी माणसे टिकत का नाहीत?

बहुतेकांचे उत्तर तयार असते: पगार कमी. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच तालुक्यात, जवळपास तेवढ्याच पगारावर, एकाच कॉलेजात पंधरा-वीस वर्षे शिकवणारी माणसेही असतात. शेजारच्या कॉलेजात मात्र दर जूनला स्टाफरूममधल्या नावाच्या पाट्या बदलतात. दोन्हीकडे फी सारखी, विद्यापीठ एक, अभ्यासक्रमही तोच. तरी असा फरक का पडतो, ते या प्रकरणात पाहू.

1. पैसा येतो कुठून

आधी या कॉलेजांची जात समजून घेऊ. पुण्याचे सीओईपी 1854 चे, मुंबईचे व्हीजेटीआय 1887 चे, सांगलीचे वालचंद 1947 चे. अशा जुन्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजांत शिक्षकाच्या पगाराचा भार सरकार उचलत आले. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडले. लोणी, कोपरगाव, वारणानगर अशा साखर कारखान्यांच्या मुलखात कॉलेजे उभी राहिली, तशी ती शहरांतही राहिली. विनाअनुदानित म्हणजे सरकार पगार देणार नाही. प्राचार्यांपासून लॅब असिस्टंटपर्यंत सगळ्यांचा पगार विद्यार्थ्यांच्या फीमधून निघायचा.

ही फी संस्थेला मनाला येईल तेवढी लावता येत नाही. 2015 च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. कॉलेज आपले लेखापरीक्षण झालेले हिशेब त्याच्यापुढे ठेवते, आणि झालेल्या खर्चाच्या आधारे दर विद्यार्थी फी ठरते. खर्चात सर्वांत मोठा आकडा अर्थातच पगाराचा. म्हणजे यंदा पगारावर काटछाट केली, तर पुढे मंजूर होणारी फीही त्या मानाने खालीच राहते. पगार वाचवून संस्था श्रीमंत होते असा जो समज आहे, त्याला या हिशेबात फारशी जागा नाही. निदान कागदोपत्री तरी नाही.

खरी अडचण पुढे आहे. मंजूर झालेली फी सगळी विद्यार्थ्याच्या खिशातून येत नाही. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मी शिक्षण फी सरकार भरते. राखीव प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. 2024-25 पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींची पूर्ण शिक्षण फी माफ झाली. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे सगळे चांगलेच. पण सरकारकडून यायची रक्कम हप्त्याहप्त्याने येते आणि तिला उशीर होतो. ग्रामीण भागातल्या कॉलेजात अशा सवलतीचे विद्यार्थी बहुसंख्य असतात. पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो. ज्या संस्थेपाठी मोठा ट्रस्ट किंवा बँकेची ओव्हरड्राफ्टची सोय आहे ती हे अंतर भरून काढते. जिला ते जमत नाही तिथे पगार थकतो. कधी दोन महिने, कधी सहा.

2. किती जण गेले, हे कसे मोजावे

"आमच्याकडे गळती फार नाही, वीसेक टक्के असेल," असे प्राचार्य सहज सांगतात. वीस टक्के हा आकडा कानाला निरुपद्रवी लागतो. तो विद्यार्थ्याच्या बाजूने मांडून बघा.

समजा एका कॉलेजात 40 प्राध्यापक आहेत आणि दर वर्षी त्या वेळी असलेल्यांपैकी वीस टक्के जातात. पहिल्या वर्षाच्या शेवटी जुने 32 उरले, दुसऱ्याच्या शेवटी 26 च्या आसपास, तिसऱ्याच्या शेवटी 20 आणि चौथ्याच्या शेवटी 16. प्रवेशाच्या दिवशी जे चाळीस जण होते त्यांपैकी पदवीच्या वेळी सोळाच ओळखीचे.

प्रत्यक्षात गळती अशी सारखी पसरलेली नसते. बहुतेक ठिकाणी तीसेक माणसे घट्ट बसलेली असतात आणि उरलेल्या दहा खुर्च्या दर वर्षी-दीड वर्षाला रिकाम्या होतात. दोन्ही प्रकारच्या कॉलेजांचा वार्षिक आकडा तोच दिसेल, पण दुखणे वेगळे. पहिल्या ठिकाणी सगळ्या घरालाच ओल आहे. दुसऱ्या ठिकाणी नव्याने आलेला माणूस रुजत नाही, म्हणजे चूक पहिल्या काही महिन्यांत होते आहे. म्हणून एकच टक्केवारी काढून थांबू नये. गेलेले किती वर्षे राहून गेले, कोणत्या शाखेतून गेले, सेमिस्टरच्या मध्ये गेले की शेवटी, हे मांडले की निम्मे उत्तर तिथेच सापडते.

अभ्यासक्रमांना मानांकन देणारे राष्ट्रीय मंडळ, म्हणजे एनबीए, हे बरेच आधी ओळखून आहे. त्याच्या अनेक वर्षे वापरात असलेल्या तक्त्यात प्राध्यापक टिकण्याला स्वतंत्र गुण होते: आवश्यक संख्येच्या नव्वद टक्के जुनी माणसे कायम असतील तर पूर्ण गुण, निम्म्याहून कमी असतील तर शून्य. त्यामुळे झाले असे, की मानांकनाची तारीख जवळ आली की काही व्यवस्थापनांना एकाएकी प्राध्यापकांची काळजी वाटू लागते. टीम येऊन गेली की ती काळजीही जाते.

3. रकमेपेक्षा तारीख

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, 2019 च्या मार्चमध्ये सातव्या वेतन आयोगानुसार वेतनश्रेणी अधिसूचित केल्या. सहायक प्राध्यापकाची सुरुवात 57,700 रुपये मूळ पगारावर, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. काही खासगी कॉलेजे हे पूर्ण देतात. काही अजून सहाव्या आयोगावर आहेत. आणि बरीचशी नव्या माणसाला 'कन्सॉलिडेटेड'वर घेतात, म्हणजे ठोक रक्कम, ना भत्ता ना वार्षिक वाढ. खात्यावर पूर्ण पगार जमा करून त्यातला काही भाग रोख परत मागायचा, असाही प्रकार या क्षेत्रात सगळ्यांना ऐकून माहीत आहे. त्याला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणत नाहीत, त्यामुळे इथे तो सोडून देऊ.

आता एक जुना अभ्यास पाहू. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारले: नोकरीत तुम्हाला फार बरे कधी वाटले आणि फार वाईट कधी? 1959 मध्ये त्याचे पुस्तक आले. उत्तरांत त्याला गंमत दिसली. वाईट वाटण्याची कारणे एका गटातली होती: पगार, साहेबाची वागणूक, कचेरीचे नियम, नोकरीची शाश्वती. बरे वाटण्याची कारणे दुसऱ्याच गटातली: काही करून दाखवल्याचे समाधान, कामाची दखल, जबाबदारी, पुढे जाण्याची संधी. पहिल्या गटातली गोष्ट सुधारली तर कुरकुर थांबते, पण उत्साह येत नाही. दुसऱ्या गटातली गोष्ट नसेल तर माणूस चिडत नाही, पण रमतही नाही.

सोसायटीच्या नळाला रोज पाणी येते म्हणून कोणी पेढे वाटत नाही, पण आठवडाभर पाणी आले नाही की लोक भाड्याने दुसरे घर बघायला लागतात. पगाराचे तसेच आहे. आणि इथे एक गोष्ट कॉलेज चालवणाऱ्यांच्या नीट लक्षात येत नाही: माणसाला घालवण्यात रकमेइतकाच, कधीकधी तिच्यापेक्षा जास्त, वाटा तारखेचा असतो. घराचा हप्ता ठरल्या तारखेला जातो. 45 हजार पगार सात तारखेला नक्की येणार असेल तर संसार बसवता येतो. 60 हजार पगार 'शासनाचा हप्ता आला की' मिळणार असेल तर दर महिन्याला भावाकडे हात पसरावा लागतो.

मग ज्या कॉलेजाचा पैसाच उशिरा येतो त्याने काय करायचे? यावर शहाण्या संस्थांनी काढलेले मार्ग फार चलाख नाहीत, साधे आहेत. सवलतीचे पैसे मार्चपर्यंत येणारच नाहीत असे धरून जुलैतच वर्षाचे अंदाजपत्रक करायचे. नव्या इमारतीचा किंवा प्रवेशद्वाराच्या कमानीचा खर्च पगारानंतर ठेवायचा. निदान तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात अडवून ठेवायची. आणि तेही जमले नाही, तर लपवायचे नाही. "या महिन्यात साठ टक्के, उरलेला दिवाळीच्या आत," असे प्राचार्यांनी समोर बसून सांगितले आणि तो दिवाळीच्या आत खरोखर दिला, तर लोक बऱ्याच अंशी समजून घेतात. अकाउंट सेक्शनच्या खिडकीवर "अजून काही आलेलं नाही सर, पुढच्या आठवड्यात बघा" हे चार वेळा ऐकलेला माणूस मात्र पाचव्या वेळी बायोडेटा दुरुस्त करायला बसतो.

4. सहा खुर्च्या आणि वरच्या तीन

पगार वेळेवर आला, कुरकुर थांबली. आता रमण्याचे बघू. त्यासाठी कॉलेजातली पदे कशी मोजतात ते समजायला हवे.

एका शाखेत दर वर्षी 60 जागा आहेत असे धरू. पहिले वर्ष सगळ्या शाखांचे एकत्र असते, म्हणून दुसऱ्या ते चौथ्या वर्षाचे विद्यार्थी घ्यायचे: 180. नियम आहे 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. (आधी तो 15 मागे एक होता. 2018 च्या सुमारास शिथिल झाला आणि अनेक कॉलेजांत त्या वर्षी काही माणसे 'जादा' ठरली.) म्हणजे शिक्षक हवेत 9. पदांचे प्रमाण 1:2:6, म्हणजे एक प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक आणि सहा सहायक प्राध्यापक.

तिशीच्या आत लागलेल्या सहा जणांपुढे वरच्या जागा तीन. त्या तिन्हींवर बसलेली माणसे बहुधा चाळिशीची, म्हणजे पुढची पंधरा-वीस वर्षे तिथेच. सहा जणांना हे गणित पहिल्या वर्षीच समजते. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत यावर उतारा आहे: पद रिकामे नसले तरी ठरावीक वर्षांनी, ठरावीक कामावर वरची श्रेणी मिळते. 57,700 नंतर 68,900, नंतर 79,800. तिला कॅस म्हणतात. खासगी कॉलेजांत कॅस नियमावलीत असते, प्रत्यक्षात मागायला गेले की "बघू, मॅनेजमेंटसमोर ठेवतो."

इथे व्यवस्थापनाच्या हातात असलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पीएच.डी. सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर ती लागतेच. आपल्याकडच्या बहुतेक सहायक प्राध्यापकांनी एम.ई. किंवा एम.टेक. करून नोकरी धरलेली असते आणि पीएच.डी. नोकरी सांभाळून करायची असते. एआयसीटीईची गुणवत्ता सुधार योजना, क्यूआयपी, 1970 पासून आहे. तीत शिक्षकाला आयआयटीसारख्या संस्थेत पाठवता येते. पण कॉलेजाने सोडायला हवे, आणि सोडायचे म्हणजे त्याचे तास दुसऱ्याने घ्यायचे. म्हणून अर्जावर सही होत नाही.

व्यवस्थापनाची भीती अशी: "आम्ही शिकवून मोठं करायचं आणि पीएच.डी. झाली की हा दुसरीकडे जाणार." ही भीती निराधार नाही, जातात काही जण. पण पीएच.डी.ला मदत न करणाऱ्या कॉलेजातून लोक पीएच.डी.च्या आधीच जातात, आणि त्यातही आधी जातात ते हुशार. मदत करणाऱ्या कॉलेजाला निदान संशोधनाची पाच-सहा वर्षे तो माणूस मिळतो. मदत तरी काय लागते? आठवड्यातला एक दिवस तासिका न ठेवणे, विद्यापीठाची फी भरणे किंवा निम्मी भरणे, प्रबंध लिहिण्याच्या शेवटच्या सहा महिन्यांत समित्यांच्या कामातून सूट देणे. आणि पदवी हातात आल्यावर पगारात काय फरक पडेल ते नेमणुकीच्या वेळीच लेखी सांगणे. हा शेवटचा मुद्दा फुकटचा आहे आणि तोच सर्वांत कमी ठिकाणी पाळला जातो.

5. सोळा तास, आणि उरलेले

सहायक प्राध्यापकाने आठवड्याला प्रत्यक्ष शिकवायचे तास सोळा. बाहेरच्या माणसाला ही चैन वाटते. एखाद्या मॅडमचा मंगळवार बघा. सव्वानऊला पहिला तास. मग दोन तास प्रॅक्टिकल: वीस मुलांची बॅच, तीन संगणक बंद, दोन मुलांची जर्नल अपुरी. दुपारी त्यांच्याकडे सोपवलेल्या वीस मुलांपैकी जे सतत गैरहजर आहेत त्यांच्या पालकांना फोन, आणि प्रत्येक फोनची नोंद वहीत. तीन वाजता एचओडींचा निरोप: कॉलेजाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या एका कार्यशाळेचे फोटो नाहीत, शोधा. मॅडम तीन वर्षांपूर्वी इथे नव्हत्या. शोधतात तरी. चार वाजता सीओ-पीओचा तक्ता, म्हणजे कोणत्या धड्यातून कोणते उद्दिष्ट किती टक्के साध्य झाले त्याचा हिशेब. उद्याच्या तासाची तयारी घरी, मुलगा झोपल्यावर.

हे चालू वर्षाचे. मे ते ऑगस्ट 'अ‍ॅडमिशन ड्यूटी' सुरू होते. प्रत्येकाला बारावीच्या विद्यार्थ्यांच्या नावांची आणि मोबाइल नंबरांची यादी मिळते. फोन करायचे, केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये आपले कॉलेज वर टाकायला सांगायचे, गावोगावच्या ज्युनिअर कॉलेजांत माहितीपत्रके घेऊन जायचे. किती प्रवेश आणले याची तालिका संध्याकाळच्या मीटिंगमध्ये वाचली जाते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये एम.टेक. केलेल्या माणसाला ही मीटिंग कशी वाटत असेल याचा विचार टेबलाच्या त्या बाजूला होत नाही. माझ्या मते नोकरी सोडण्याचा निर्णय जितक्या वेळा पगाराच्या दिवशी होतो, तितक्याच वेळा या मीटिंगमध्येही होतो.

आता एक जण गेल्यावर काय होते ते बघू. ऑक्टोबरमध्ये एका सहायक प्राध्यापकाने राजीनामा दिला. त्याचे सोळा तास चार जणांत वाटले. प्रत्येकाचे सोळाचे वीस झाले. नवीन माणूस जानेवारीत येईल असे सांगितले, तो जूनपर्यंत आला नाही. चारातल्या एकाने मार्चमध्ये राजीनामा दिला. वाचवलेला एक पगार हिशेबात दिसतो, दुसरा राजीनामा कोणत्या खात्यावर टाकायचा ते कोणी ठरवत नाही.

ज्या कॉलेजांनी यावर काही केले त्यांनी फार मोठे केलेले नाही. मानांकनाच्या फाइलींसाठी दोन कारकून नेमले. प्रवेशाच्या फोनसाठी हंगामी माणसे घेतली आणि प्राध्यापकांना फक्त शाखेबद्दलच्या शंका सोडवायला बसवले. नव्याने लागलेल्याला पहिल्या सेमिस्टरला एकच नवा विषय दिला, आणि एका जुन्या सहकाऱ्याला त्याच्या मदतीला नेमले. आधी पाहिलेल्या, दर वर्षी रिकाम्या होणाऱ्या दहा खुर्च्यांवर हाच उपाय.

6. कॉम्प्युटरचे सर आणि मेकॅनिकलचे सर

जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी 1958 मध्ये एक साधी मांडणी केली: माणूस नोकरी सोडतो की नाही हे दोन गोष्टींवर ठरते. सोडावीशी वाटते का? आणि सोडणे सोपे आहे का?

कॉम्प्युटर शाखेच्या सरांना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून मिळते. त्यात 2024 पासून चांगल्या कॉलेजांना जागा वाढवण्यावर असलेली वरची मर्यादा एआयसीटीईने उठवली. कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या तुकड्या वाढल्या आणि शिकवणारे तेवढेच राहिले. त्यांना शेजारच्या कॉलेजातूनही बोलावणे येते. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या सरांचे उलट. त्यांच्या शाखांत काही वर्षे जागा रिकाम्या राहिल्या, तुकड्या बंद झाल्या. ते जात नाहीत, कारण जायला जागा नाही. व्यवस्थापनाला वाटते, ही निष्ठा आहे. पण धास्तावलेला माणूस फक्त हजर असतो.

म्हणून दोघांना एकच धोरण लावून चालत नाही. कॉम्प्युटरवाल्यांसाठी बाजाराचा थोडा पाठलाग करावाच लागतो: कन्सल्टन्सीच्या कामातला ठरलेला वाटा, उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत दोन महिने काम करायची मुभा. मेकॅनिकलवाल्यांना हवी असते लेखी हमी. पुढची तीन वर्षे नोकरी आहे, आणि त्या काळात रोबोटिक्स किंवा डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकून घ्या, खर्च आमचा. असे शिकून दुसऱ्या शाखेचे काही विषय घेऊ लागलेले मेकॅनिकलचे सर अनेक कॉलेजांत आहेत, आणि ते सहसा सोडून जात नाहीत.

7. गाव धरून ठेवते तेव्हा

2001 मध्ये टेरेन्स मिचेल, थॉमस ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा विचारला: लोक जातात का, हे सोडा, राहतात का? त्यांचे उत्तर तीन भागांत होते. माणसाचे आसपासच्या माणसांशी असलेले धागे, त्या जागेशी जुळलेले त्याचे सूत, आणि सोडून गेल्यास हातचे काय जाईल त्याचा अंदाज. यातले बरेचसे नोकरीच्या बाहेरचे असते.

हे ग्रामीण महाराष्ट्रातल्या जुन्या संस्थांना कुठलाही शोधनिबंध न वाचता माहीत होते. कॅम्पसमध्येच स्टाफ क्वार्टर्स. त्याच संस्थेची शाळा, तीत मुलाला सवलत. सरांच्या बायकोला संस्थेच्याच फार्मसी किंवा ज्युनिअर कॉलेजात नोकरी. पतपेढीतून घरासाठी कर्ज. अशा ठिकाणी पुण्यातली दहा हजारांनी मोठी नोकरी आली तरी घरात बसून हिशेब करावा लागतो, आणि तो बहुधा पुण्याच्या विरोधात जातो.

शहरात क्वार्टर्स शक्य नाहीत, पण इतर धागे आहेत. बाईंच्या बाबतीत तर ते निर्णायक ठरतात. 2017 च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवड्यांची आहे, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांत पन्नासचा आकडा सहज ओलांडला जातो. पाळणाघर मात्र शोधावे लागते. उलट कराराच्या नेमणुकीत मे महिन्यात खंड दाखवायचा आणि नेमकी बाळंतपणाच्या वर्षी नवी ऑर्डर द्यायची नाही, अशी हातचलाखी चालते. तिथून गेलेल्या मॅडम परत येत नाहीत, आणि त्यांच्या मैत्रिणीही त्या कॉलेजात अर्ज करत नाहीत.

सोडताना काय हातचे जाईल यात ग्रॅच्युइटीही येते. ती शिक्षकांना लागू आहे की नाही यावर मोठा वाद झाला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक 1972 च्या कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत असे ठरवले. संसदेने 2009 मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही 1997 पासून लागू होईल असा, आणि 2022 मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. हिशेब सोपा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षे. 60 हजार पगार आणि आठ वर्षे सेवा असेल, तर सुमारे 2 लाख 77 हजार. कित्येक प्राध्यापकांना आपली ही रक्कम माहीतच नसते. कॉलेजाने ती दर वर्षी पगारपत्रकासोबत छापून दिली तर कागदाशिवाय काही खर्च नाही.

8. अडवून ठेवलेली प्रमाणपत्रे

माणूस रोखण्याचा सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे रुजू होताना मूळ पदवी प्रमाणपत्रे जमा करून घेणे आणि ती परत न देणे. दुसरा, दोन-तीन वर्षांचा बाँड. तिसरा, रिलीव्हिंग लेटर अडवणे. मूळ कागद ठेवून घेऊ नका असे एआयसीटीईने कॉलेजांना बजावलेले आहे, तरी प्रकार पूर्ण थांबलेला नाही. ज्या कॉलेजात असे होते त्याची बातमी एम.टेक.च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॉलेजाच्या जाहिरातीआधी पोचते. मग तिथे अर्ज येतात ते दुसरीकडे कुठेच न लागलेल्यांचे. पीएच.डी.चा खर्च केला म्हणून ठरावीक वर्षे राहायची अट घालणे हा वेगळा, रास्त व्यवहार. त्यात दोन्ही बाजूंना काही मिळते.

9. बोलायला जागा

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 च्या त्याच्या पुस्तकात म्हटले आहे, की संस्था घसरू लागली की आतल्या माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. संस्थेबद्दल ओढ असेल तर तो आधी बोलून बघतो. बोलण्याचा मार्ग बंद केला, की राहिला एकच.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तीत शिक्षकांनी निवडून दिलेले तीन प्रतिनिधी असायला हवेत, त्यांत निदान एक बाई. बऱ्याच ठिकाणी निवडणूक होत नाही. "तुमचं नाव टाकलंय बरं का सर" असे सांगितले जाते आणि इतिवृत्तावर सही घेतली जाते. ही समिती खरी चालली तर पगाराची तारीख, तासांचे वाटप, अ‍ॅडमिशन ड्यूटी हे विषय राजीनाम्याच्या आधी टेबलावर येतील. राजीनामा दिल्यानंतर घेतल्या जाणाऱ्या मुलाखतीत कोणी खरे बोलत नाही. "वैयक्तिक कारण" लिहून मोकळे होतात, कारण रिलीव्हिंग लेटर अजून हातात यायचे असते. विचारायचे तर राहणाऱ्याला विचारावे: गेल्या वर्षात जावेसे कधी वाटले होते?

10. जाणाऱ्याचे काय

काही जण जाणारच. कोणाच्या बायकोची बदली होते, कोणाला सरकारी तंत्रनिकेतनात जागा मिळते, कोणी कंपनीत जाऊन बघतो. अशा माणसाला सेमिस्टर संपेपर्यंत थांबायला सांगावे, हिशेब आणि पत्रे शेवटच्या दिवशी हातात द्यावीत, आणि दोन वर्षांनी फोन करावा. कंपनीत गेलेल्यांपैकी काहींना तिथले तास झेपत नाहीत, काहींना वर्गाची आठवण येते. परतायचे म्हटले की ते आधी ओळखीच्या एचओडींना फोन लावतात. तीन-चार वर्षे कंपनीत काम करून आलेला, आपली लॅब, आपली मुले आणि आपला अभ्यासक्रम माहीत असलेला शिक्षक जाहिरात देऊन मिळत नाही. मात्र तो फोन लागण्यासाठी जाताना त्याला अकाउंट सेक्शनच्या खिडकीवर सही-शिक्क्यांसाठी पंधरा दिवस फिरवलेले नसावे.